गेटाबाहेरची चारशे बारा पावलं

दिवाळीच्या सुट्टीनंतर इस्टेट उघडली आणि पंधरा दिवसांत कालव्याच्या रस्त्यावर तीन बायांना लुटलं. पहिलीचा मोबाईल गेला. दुसरीची पिशवी गेली. तिसरीच्या गळ्यातली पोत ओढली तेव्हा ती तोंडावर पडली आणि तिचे पुढचे दोन दात तुटले.

तिन्ही वेळा वॉचमन धुडकू गेटावर होता. निळा शर्ट, कमरेला पट्टा, गळ्यात शिट्टी, हातात वेताची काठी. तिन्ही वेळा त्यानं मोटारसायकल येताना पाहिली, बाईची किंकाळी ऐकली, शिट्टी फुंकली आणि जागेवरच उभा राहिला. एजन्सीचा सुपरवायझर गजेंद्र यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, काहीही होवो, पोस्ट सोडायची नाही. गेटाच्या लोखंडी रुळापर्यंत आपलं. रुळापलीकडं आपलं काही नाही.

सुरतेजवळ कडोदऱ्याच्या अलीकडं हायवेवरून आत वळलं की ही इस्टेट. दोनशे गाळे. कुठं माग, कुठं भरतकामाची मशीनं, कुठं साड्यांच्या घड्या. गेटातून बाहेर पडलं की कालव्याच्या कडेनं रस्ता पुलापर्यंत जायचा आणि पुलापलीकडं मजुरांच्या खोल्या. रस्त्याच्या एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला वेड्या बाभळी. दिव्याचे खांब होते, पण वायर कधीच कुणीतरी कापून नेली होती. थंडीच्या दिवसांत सात वाजता सुट्टी झाली की बाया त्या रस्त्यानं पळतच जायच्या. चपला हातात घेऊन, पदर तोंडात धरून.

धुडकूची बायको शोभाबाई त्यातलीच. ती इस्टेटीत धागा कापायच्या कामाला होती. भरतकाम झालेली साडी मांडीवर घ्यायची आणि मागचे लोंबते धागे बारक्या कात्रीनं उडवायचे. दिवसभर मान खाली. लुगड्यावर धाग्यांचा चुरा बसू नये म्हणून ती धुडकूचा जुना शर्ट वरून घालायची. संध्याकाळी रांगेतून बाहेर पडताना तिचीही पिशवी तपासायची पाळी धुडकूवरच यायची. तो तिच्या डब्याचं झाकण उघडून आत बघायचा, पुन्हा लावायचा. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत नसत.

दात तुटलेल्या बाईला दवाखान्यात पोचवून शोभाबाई घरी आली ती धुमसतच.

"तुना डोयासमोर व्हयनं ना ते?"

धुडकू गुडघ्याला तेल लावत बसला होता. "मनी ड्युटी गेटना आत शे."

"ड्युटी गेटना आत आनी बाया गेटना बाहेर. मंग बायासले कोन दखी?"

"पोलीस दखतीन."

"पोलीस कोठे शे?"

पोरगी वर्षा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिची शाळा सुरतेतच गुजरातीत झालेली. ती आता इस्टेटीतच पार्सलांवर नावं लिहायच्या कामाला जायची. तिनं बापाकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. ते बघणं धुडकूला बायकोच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

चौथी पाळी सुवर्णाची आली. ही नांदेडकडची, पंचविशीतली, आडव्या अंगाची बाई. शोभाबाईच्या शेजारी बसून धागे कापायची. त्या दिवशी ती जरा मागं राहिली आणि एकटीच गेटाबाहेर पडली. पन्नासेक पावलं गेली असेल, तोच बाभळीतून मोटारसायकल निघाली. मागच्यानं तिची पिशवी धरली. सुवर्णानं पिशवी सोडली नाही. पट्टा तिच्या मनगटात गुंतला होता. गाडी तिला फरफटत घेऊन निघाली.

धुडकूनं शिट्टी तोंडाला लावली, पण फुंकली नाही. तो रूळ ओलांडून पळाला. उजवा गुडघा दुखरा, त्यामुळं एक पाय टाकत, एक ओढत. ओझं ओढत असल्यानं गाडीला वेग घेता येत नव्हता. त्यानं गाठलं आणि काठी दोन्ही हातांनी वर नेऊन मागच्या माणसावर घातली. ती त्याच्या डाव्या कोपरावर बसली. माणूस ओरडला. गाडी कलंडली. पुढच्यानं उठता उठता धुडकूच्या कपाळावर काहीतरी हाणलं, दगड की कुलूप, ते कळलं नाही. मग दोघंही बाभळीत शिरले.

सुवर्णा रस्त्यावर बसली होती. गुडघे सोलले होते, कानातलं उपसून पाळीतून रक्त गळत होतं. पिशवी मात्र छातीशी.

"लागलं का गं पोरी?"

"लागलं तर लागलं, मामा," ती दम खात म्हणाली. "पर सोडली न्हाई मी."

धुडकूनं पडलेली गाडी उचलली, ढकलत गेटात आणली आणि पोलिसांना फोन केला. पाऊण तासानं दोन शिपाई आले, गाडी टेम्पोत टाकून घेऊन गेले. कपाळाचं रक्त पुसत धुडकू खुर्चीवर बसला. गुडघा टम्म सुजला होता, पण तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याला छाती मोकळी वाटली.

ते सुख रात्रीपुरतंच राहिलं. सकाळी ड्युटीवर आला तर गेटावर गजेंद्र उभा. गजेंद्र मूळचा पारोळ्याकडचा, धुडकूच्याच मुलखातला, पण हातात वॉकीटॉकी आल्यापासून हिंदीशिवाय बोलत नसे.

"पोस्ट क्यूं छोडा?"

"बाईले ओढी ऱ्हायनतात, भाऊ."

"बाई गेट के अंदर थी क्या?"

"नई."

"फिर? तू उधर गया, इधर दो टेम्पो बिना चेकिंग निकल गये. शेठ लोग मेरेको पूछते हैं." त्यानं हात पुढं केला. "शर्ट उतार. पट्टा, सीटी, सब जमा कर."

कामावर येणाऱ्या बायांची रांग लागली होती. मागावरचे मजूरही थांबले होते. धुडकूनं शिट्टी काढली, पट्टा काढला, मग एकेक बटण. शर्ट दिला. फाटक्या बनियनवर तो गारठ्यात उभा राहिला. कपाळावर पट्टी, दोन्ही हात कुठं ठेवावेत ते कळेना.

शोभाबाई रांगेतून पुढं आली. तिनं लुगड्यावर घातलेला तो जुना शर्ट काढला, झटकला आणि त्याच्या हातात दिला.

"ले, घाल."

मग ती आत कामाला गेली नाही. तिनं सुवर्णाला हाक मारली आणि तिघं पोलीस चौकीत गेले.

चौकीतल्या जमादारानं ऐकून घेतलं. सुवर्णाचा कान बघितला. मग म्हणाला, "फरियाद नहीं, अरजी लिखो. वो रोड इस्टेट का है, प्रायवेट. उनके वॉचमन हैं, कॅमेरा लगाना उनका काम है." अरजी लिहिली गेली, म्हणजे गुन्हा नोंदलाच नाही. गाडी अंगणात एका बाजूला पडून होती. तिचा नंबर कुणी विचारला नाही.

तिथून ते इस्टेटच्या गेटालगतच्या ऑफिसात आले. सेक्रेटरी जयंतीभाई स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी तिघांना पाणी दिलं. पण बोलले तेच. "आ रस्तो अमारो नथी, बेन. कालवा सरकारचा, रस्ता सरकारचा. चोर पकडणं पोलिसांचं काम. अमे तो गेट सुधी, फक्त गेटापर्यंत."

बाहेर आल्यावर सुवर्णा रडायला लागली. रात्री रडली नव्हती, ती आता रडली. "म्हंजी आपुन कुनाचेच न्हाई का वं मावशे? आत हावोत तवर शेठचे, बाहीर आलोत की कुनाचेच न्हाई?"

शोभाबाई गेटाच्या रुळावर उभी राहिली, पुलाकडं बघितलं आणि चालायला लागली. ओठ हलत होते. ती पावलं मोजत होती. भर दुपारची वेळ, कालव्याचं पाणी चमकत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पुलावर पोचून तिनं मागं वळून बघितलं. चारशे बारा.

संध्याकाळी तिनं वर्षाला वही काढायला लावली.

"लिख. गेटपासून पूलपोत चारशे बारा पावलं. सात खांबा, एक बी दिवा नई."

वर्षानं गुजरातीत लिहिलं. कुठल्या पावलावर कोणाला कधी लुटलं, तेही लिहिलं. दोनशे दहाव्या पावलावर दात पडले. पन्नासाव्यावर सुवर्णा. मग शोभाबाई म्हणाली, "पोलीस म्हनतस इस्टेटनं, इस्टेट म्हनस सरकारनं. मंग दोन्हीसले एकच जागावर उभं करानं."

"कसं करशी?" धुडकूनं विचारलं.

"आपन जावाऊच नई बाहेर."

शुक्रवारी धागा कापणाऱ्या बायांत ही गोष्ट फिरली. तिथून घडीवाल्या बायांत गेली. कुणाला भांडण नको होतं. काम बंद करायचं नव्हतं, कुणाचं एक साडीचं नुकसान करायचं नव्हतं. शनिवारी सात वाजता भोंगा झाला, बायांनी पिशव्या घेतल्या, हात धुतले, रांगेनं गेटापाशी आल्या आणि रुळाच्या अलीकडं खाली बसल्या. शंभर झाल्या, दीडशे झाल्या. मांडीला मांडी लावून, पिशव्या कुशीत घेऊन. मागं पार्सलांनी भरलेले टेम्पो येऊन उभे राहिले. एक, चार, अकरा. सुरतेच्या मार्केटात माल रात्री पोचायचा होता.

ड्रायव्हर हॉर्न द्यायला लागले. गजेंद्र पळत आला. "चलो, उठो! क्या नाटक है?"

"नाटक कसलं?" शोभाबाई बसूनच म्हणाली. "गेटाच्या आत आहोत. आत तुमची जबाबदारी ना? तुम्हीच सांगता."

"घर नहीं जाना क्या?"

"जायचंय. तुम्ही सोडायला चला."

बाया हसल्या. गजेंद्रनं एकीचा दंड धरून उठवायला हात घातला, तशा तिच्या दोन्ही बाजूंच्या दहा जणी उभ्या राहिल्या. त्यानं हात काढून घेतला.

धुडकू गेटाबाहेर होता. त्याला आत यायला बंदी होती. बाहेरून परत येणारे दोन रिकामे टेम्पोही रस्त्यात अडकले होते. त्यातल्या एका ड्रायव्हरचं डोकं फिरलं. बाया उठतील म्हणून त्यानं गाडी रेस केली आणि हळूहळू गेटाकडं घातली. समोरच्या बाया किंचाळल्या. धुडकू लंगडत मध्ये आला आणि टेम्पोला छाती लावून उभा राहिला. अंगावर जुना शर्ट, हातात काठीही नाही.

"हट जा, चाचा!"

"नही हटता."

"तू कौन? तेरी ड्युटी है क्या?"

"हा," धुडकू म्हणाला. "मेरी ड्युटी है."

इंजिन तसंच गुरगुरत राहिलं. त्याच्या शर्टाला, छातीला ती थरथर जाणवत होती. मग ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

तेवढ्यात जयंतीभाईंची मोटार आली. त्यांच्या फोनवर व्यापाऱ्यांचे फोनवर फोन येत होते. त्यांनी हात जोडले, समजावलं, मग आवाज चढवला आणि शेवटी स्वतःच पोलिसांना फोन केला, की बायांनी रस्ता अडवलाय. शोभाबाईला हेच हवं होतं. आपण बोलावल्यावर जे पाऊण तासानं आले, ते शेठनं बोलावल्यावर वीस मिनिटांत आले.

जीपमधून उतरल्या त्या नव्या फौजदार वसावा मॅडम. बदली होऊन चारच दिवस झाले होते. सडपातळ, काळ्यासावळ्या, आवाज खाली. त्यांनी जयंतीभाईंचं ऐकलं. मग बायांपुढं येऊन उकिडव्या बसल्या.

"बोलो, बेन. शुं थयुं?"

शोभाबाईनं सुवर्णाला पुढं केलं. सुवर्णानं पदर सरकवून कान दाखवला. मग तोंडाला पदर लावलेली ती तिसरी बाई पुढं आली आणि तिनं पदर काढला. तिचं तोंड बघून जयंतीभाईंनी मान वळवली. वर्षानं वहीचं पान दिलं. मॅडमनी टॉर्चच्या उजेडात ते सगळं वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"ती गाडी कुठाय?" त्यांनी जमादाराला विचारलं.

"चौकीत, मॅडम. अरजी घेतलीय."

"नंबर काढला?"

जमादार बुटांकडं बघायला लागला. मॅडमनी तिथंच फोन लावला. पाच मिनिटांत उत्तर आलं, गाडी महिन्यापूर्वी चोरीला गेलेली. "ज्यानं मारलं तो वॉचमन कुठाय?"

धुडकू टेम्पोपुढून लंगडत आला. मॅडमनी विचारलं, चेहरे बघितले का? त्यानं नाही म्हटलं. तोंडं बांधलेली होती. मग जरा थांबून म्हणाला, "पण मॅडम, एकाचं डावं कोपर मोडलंय."

"कशावरून?"

"मी आयुष्यभर लाकडं फोडलीत. हाड मोडल्याचा आवाज कळतो. तो प्लास्टर केल्याशिवाय राहणार नाही."

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं आणि जमादाराला सगळे दवाखाने लिहून घ्यायला सांगितलं. मग त्या जयंतीभाईंकडं वळल्या. "चला, शेठ. चालत जाऊ पुलापर्यंत."

"गाडी आहे ना, मॅडम."

"गाडीतून काही दिसत नाही. चला."

बारा वर्षं जयंतीभाई त्या रस्त्यानं मोटारीतूनच गेले होते. आता बाया उठल्या, रूळ ओलांडला आणि मध्ये मॅडम, एका बाजूला शेठ, मागं गजेंद्र, अशी सगळी मंडळी निघाली. मॅडमनी टॉर्च बंद करायला लावले. शोभाबाई मोठ्यानं मोजायला लागली. एक, दोन, तीन. वीसपर्यंत ती एकटी होती. पन्नासावर सुवर्णानं सूर मिळवला. तो आकडा तिनं जरा जोरानंच म्हटला. शंभरावर सगळ्या मोजत होत्या. दीडशेच्या पुढं जयंतीभाई खड्ड्यात अडखळले, एका बाईनं त्यांचा दंड धरून सावरलं. दोनशे दहावर ती दात पडलेली बाई क्षणभर उभी राहिली आणि मग सगळ्यांत मोठ्यानं मोजत पुढं निघाली. पलीकडच्या खोल्यांतून माणसं बाहेर येऊन बघायला लागली. पुलाजवळ पोचता पोचता दीडशे बायांचा आवाज कालव्याच्या पाण्यावरून घुमत होता.

"चारशे दहा! चारशे अकरा! चारशे बारा!"

पुलावर माणसांनी टाळ्या वाजवल्या. जयंतीभाई घामेजले होते. पायातल्या बुटाला चिखल लागला होता. ते काही वेळ त्या काळ्या रस्त्याकडं बघत राहिले. "खांब आमचे," ते हळूच म्हणाले. "वायर आम्ही टाकू."

"आणि माणूस?" मॅडम म्हणाल्या.

"माणूसही देऊ. पुलापर्यंत. पण चोराला हात कोण लावणार?"

"ते माझं. सकाळी सात, संध्याकाळी सात, माझी जीप इथं. तुमच्या वॉचमननं शिट्टी मारली की माझा शिपाई येईल. दोघांची सही एकाच वहीत. कुणी म्हणायचं नाही की हे दुसऱ्याचं."

शोभाबाईनं मध्येच तोंड घातलं. "आम्हीपण एकटी कुणी येणार नाही. वीस-वीस जणी मिळून. पण अजून एक. बायांच्या पिशव्या बाईनं तपासायच्या. बाप्या माणसानं नाही."

जयंतीभाईंनी मॅडमकडं बघितलं. मॅडम हसल्या. "बरोबर तो बोले छे."

टेम्पो त्याच संध्याकाळी सुटले. मंगळवारी एका दवाखान्यात प्लास्टर घालायला आलेला माणूस सापडला, कोपर दोन ठिकाणी मोडलेलं. त्याच्यामागं दुसराही धरला गेला. सुवर्णानं चौकीत जाऊन दोघांची फडकं काढलेली तोंडं बघितली आणि या वेळी जमादारानं अरजी नाही, फरियाद लिहून घेतली. तिनं ती वर्षाकडून अक्षर न् अक्षर वाचून घेतली आणि मगच अंगठा न लावता सही केली.

बुधवारी सकाळी गजेंद्र धुडकूच्या खोलीवर आला. हातात निळा शर्ट, इस्त्री केलेला. तो दारातच उभा राहिला. शोभाबाईनं त्याला बस म्हटलं नाही.

"धुडकूदादा, चाल," तो शेवटी म्हणाला. हातात वॉकीटॉकी आल्यापासून त्याच्या तोंडून आपली बोली पहिल्यांदाच निघाली. "तुले बलायं शे."

"कोनी?"

"समदासनी. शेठनी बी, मॅडमनी बी. पूलवर तुलेच उभं करानं, आसं म्हनतस." तो खाली बघत म्हणाला, "मी तुले तसं नई बोलाले पाहिजे व्हतं."

धुडकूनं शर्ट घेतला. "चहा ले," तो म्हणाला आणि वर्षानं कप पुढं केला.

आठ दिवसांनी सातही खांबांवर दिवे लागले. पुलाच्या अलीकडं पत्र्याची टपरी उभी राहिली. त्यात एका खुर्चीवर पोलीस, एका खुर्चीवर धुडकू. सात वाजले. भोंगा झाला. जीप पुलावर येऊन थांबली आणि रस्त्यावरून बायांचे आवाज यायला लागले. त्या चालत येत होत्या. चपला पायात होत्या. कुणी पळत नव्हतं. कुणी मोठ्यानं हसत होतं. दात पडलेल्या बाईनं शेंगा आणल्या होत्या, त्या ती सगळ्यांच्या ओंजळीत ओतत होती.

पुलाच्या तोंडाशी एक भाजीवाली हिवाळ्यातली कोवळी मेथी घेऊन बसली होती. शोभाबाई तिथं उकिडवी बसली. एक जुडी उचलली, खाली ठेवली, दुसरी उचलली, पानं उलटून बघितली. सुवर्णा आणि वर्षा तिच्यामागं शेंगा खात उभ्या. भाजीवाली कंटाळली तरी शोभाबाईचं चाललंच होतं.

धुडकू टपरीतून बाहेर आला. गर्दी पांगवायची त्याची ड्युटी होती.

"चाला, घर जा आते."

शोभाबाईनं मान वर केली. दिव्याच्या उजेडात तिचं सगळं तोंड दिसत होतं.

"जासूत ना," ती म्हणाली. "घाई काय शे?"